डाव्या हाताचा आशीर्वाद

ताईचं लग्न ठरलं, तेव्हा मी नागपूरला वर्षभर कमर्शियल आर्ट शिकून पांढुर्ण्याला परतलो होतो आणि स्वतःला मोठा आर्टिस्ट समजत होतो. बाबा नगरपालिकेत शिपाई. साहेबांच्या मागे लागून त्यांनी माझ्यासाठी तिथेच एक जागा धरून ठेवली होती. मी नको म्हणालो. बाबांनी साहेबांना जाऊन सांगितलं, "पोट्टा डिझाइनचं काम करतो म्हणते." ऑफिसातले लोक कितीतरी दिवस त्यावर हसत होते. त्यामुळे ताईची पत्रिका माझ्यासाठी नुसती पत्रिका नव्हती. ती पाहून लोकांनी बाबांना म्हणायला हवं होतं, की बरं केलंत.

गावातल्या प्रेसमध्ये गणपतीचे ठसे होते, बुद्धाचा एकही नव्हता. आमच्या समाजाच्या पत्रिका नुसत्या अक्षरांवर निघत. ठसा मीच कोरणार, असं मी जाहीर केलं. लाकडी ठोकळ्यावर कोरायला मऊ असं लिनोलियम चिकटवलं आणि विहारातल्या तसबिरीवरून बुद्ध उतरवला. मांडी घातलेला, उजवा हात आशीर्वादासाठी वर. त्याखाली 'मंगल परिणय'. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं. अक्षरं मी उलटीच कोरली, अगदी सफाईने. चित्र मात्र जसं दिसलं तसं कोरून मोकळा झालो.

प्रेसवाले काका म्हणाले, "छापाच्या आधी एकडाव आरशात पाहून घे ना, बापू."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी म्हणालो. बाबा शेजारीच उभे होते. त्यांना माझं बोलणं इतकं आवडलं, की ते मोठ्याने हसले. प्रूफ आलं तेव्हा मी नावं आणि काना-मात्रा तेवढ्या तपासल्या. चित्राकडे बघायची गरजच काय, ते तर मी काढलेलं!

गठ्ठा आणायला आम्ही दोघंही गेलो. काकांनी एक पत्रिका उचलून बराच वेळ पाहिली. "भाऊ, हा हात डावा काऊन दिसून राहिला?"

आमच्याकडे डाव्या हाताने कोणी पाण्याचा पेलाही पुढे करत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न तोंडावर आलेलं, आणि पत्रिकेचा जाड कागद पुन्हा नागपूरहून यायचा, म्हणजे दुसऱ्या छपाईचं नावच नको. बाबांनी गठ्ठा सायकलच्या कॅरियरला बांधला.

पत्रिका वाटायला त्यांनी मला सोबत नेलं. मी जायला तयार नव्हतो, पण नाही म्हणायचं तोंडही उरलं नव्हतं. जाम नदीपलीकडे सावरगावात पहिल्याच दारात बाबांनी "जय भीम" म्हणत पत्रिका पुढे केली, आणि तेव्हा मला त्यांचा अंगठा दिसला. तो बरोबर बुद्धाच्या त्या हातावर होता. समोरच्याने नाव, तारीख वाचेपर्यंत बाबा पत्रिका सोडत नव्हते. मोहगावातही तेच. बाप दारोदार माझी चूक झाकत होता आणि मी मागे सायकल धरून उभा होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

सौंसरला ताईच्या सासऱ्यांपुढे मात्र उपाय चालला नाही. त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, चष्मा लावला. "इवाई, डाव्या हातानं आशीर्वाद देऊन राहिले काय?" ओसरीवरचे सगळे हसले. आता बाबा मला पुढे करतील आणि उद्या नगरपालिकेत नेऊन बसवतील, अशी माझी खात्री झाली.

"माह्या पोराचं पहिलं काम हाये," बाबा म्हणाले. "हात बसन हळूहळू."

लग्न पार पडलं. नोकरीचा विषय निघेल म्हणून मी बाबांसमोर यायचं टाळत होतो. एका सकाळी माझ्या टेबलावर त्यांचा दाढीचा आरसा ठेवलेला दिसला, पत्र्याच्या चौकटीतला, कडेला तडा गेलेला. घरात तेवढाच एक आरसा होता.

"आन् तुम्ही?" मी विचारलं.

"मले का पाह्याचं राह्यते? माहं थोबाड मले पाठ हाये."

संध्याकाळी ते कामावरून आले, तेव्हा त्यांच्या हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं होतं.