सिमेंटच्या पोत्यांची दृष्ट

माझी मैत्रीण आणि मी मुंबईला एकाच आर्ट कॉलेजात होतो, आणि आता शारजात अल मजाजला एकाच मजल्यावर राहतो. कॉलेजात ग्रीक पुतळे समोर ठेवून कोळशाने उतरवायला सांगायचे, तेव्हा पहिला नंबर माझा. हिच्या पुतळ्याचं नाक कायम गालावर गेलेलं. सर तिचा कागद उलटा धरून विचारायचे, "बाई, हा माणूसच आहे ना?" हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझ्या अंगाचा तिळपापड का झाला ते कळेल.

इथल्या एका म्युझियमला एका बँकेने पैसे दिले. युरोप-अमेरिकेबाहेरच्या आजच्या चित्रकारांची कामं घेऊन संग्रह वाढवायचा, अशी योजना. आम्ही दोघींनी आमच्या कामांचे फोटो पाठवले. मी माझी इथल्या खाडीची, म्हणजे लगूनची, ऑइल पेंटिंग्ज पाठवली, संध्याकाळचं पाणी, त्यात टॉवरचे दिवे. इतकी वर्षं लोकांच्या पोरांना सफरचंद आणि सुरई काढायला शिकवली ती काय हौस म्हणून? म्युझियमच्या भिंतीवर एकदा माझं चित्र लागावं आणि खाली माझं नाव असावं, एवढंच मागणं होतं.

हिने काय पाठवलं? सिमेंटची रिकामी पोती! नवरा रास अल खैमाला सिमेंट फॅक्टरीत, तो आणून देतो. ती कागदी पोती उकलायची आणि त्यांवर काळ्या शाईने लोकांच्या बाल्कन्या काढायच्या. वाळत घातलेल्या लुंग्या, चादरी, सायकली, कांद्याच्या पिशव्या. पोत्यावरचा अरबी छापही तसाच ठेवायचा.

"अगं, म्युझियमवाले काय भंगारवाले आहेत?" मी म्हणाले. ती खो खो हसली. तिला कशाचं वाईटच वाटत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दुर्गुण.

म्युझियमच्या क्युरेटर बाई काम बघायला घरी येणार, असा फोन आला तो तिलाच. "तू ये हं, माझी त-त-प-प होते," ती म्हणाली. मी गेले. पोहे केले. आणि जाताना माझं सगळ्यात मोठं लगून सोबत नेलं, सोनेरी फ्रेमसकट. "भिंत भुंडी दिसतेय गं," म्हणत तिच्या सोफ्याच्या वर भिंतीला टांगलं.

बाई आल्या त्या थेट जमिनीवर बसल्या. पोत्यांवरून त्यांची मान वर होईना. एकेका बाल्कनीपाशी थांबून विचारत होत्या, हे कुठलं, हे कोणाचं. निघताना मात्र त्यांची नजर भिंतीवर गेली. मी पुढे सरसावले.

"फर्निश्ड फ्लॅट आहे वाटतं?" त्यांनी विचारलं. "चित्र घरासोबतच आलंय का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वर मैत्रीण उत्साहाने सांगतेय, "नाही नाही, हिने काढलंय! कॉलेजात पहिली यायची ही!" बाई "व्हेरी नाइस" म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. पोहे मात्र दोनदा घेतले होते.

पोती निवडली गेली. घरी मी भांडी आदळली. ज्या ग्रीक पुतळ्यांपायी बोटं काळी केली, ते शिकलेलंच आता कोणाला नको? मग आधी सांगायचं होतंत!

"मॉम, यू आर जस्ट जेलस," लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

"हो, आहे! काय म्हणणं आहे?"

जळतच होते मी. म्युझियमच्या छतातून एसीचं पाणी गळावं आणि नेमकं त्या पोत्यांवर पडावं, असं मी देवापुढे दिवा लावताना मागितलेलं आहे.

म्युझियमच्या नव्या संग्रहाच्या उद्घाटनाच्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात ती. पैठणी नेसलेली, हातात वाटी, वाटीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या.

"सकाळपासून डोकं ठणकतंय गं. काल लिफ्टपाशी पाय मुरगळला. मला नक्की दृष्ट लागलीय. तूच काढ. इथे माझं दुसरं आहे कोण?"

तिला खुर्चीवर बसवलं. मूठ भरून तिच्यावरून ओवाळायला लागले. आई म्हणायची तसं म्हणत होते, "आल्यागेल्याची, भुताखेताची, घरच्यादारच्याची..." पुढे 'शेजारणीची' येतं. तिथे माझी जीभ अडली.

"म्हण ना पुढे," ती डोळे मिटून म्हणाली. म्हटलं.

स्मोक डिटेक्टर बोंबलू नये म्हणून त्याला हॉटेलातली शॉवर कॅप घातली, तवा तापवला आणि मूठ त्यावर सोडली. एक्झॉस्टकडे हात नेला तर म्हणाली, "नको लावू, ठसका लागतो का बघू दे." मिरच्या जळल्या की ठसका लागायलाच हवा. नाही लागला, तर दृष्ट जबरी होती, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

मी तव्यावर वाकले. लागू दे रे देवा, एवढासा तरी लागू दे. मोहरी तडतडली. मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या. स्वयंपाकघर धुराने भरलं आणि घशात साधी खवखवसुद्धा नाही. खोटंच खोकावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर तीच म्हणाली, "अगं बाई! जरासुद्धा ठसका नाही! केवढी लागली होती बघ. कोणाची असेल गं?"

मी पटकन एक्झॉस्ट लावला.

"जाऊ दे, खलास," म्हणत तिने माझा मीठ लागलेला हात दोन्ही हातांत धरला. "डोकं थांबलं बघ. तुझ्या हाताला गुण आहे. कॉलेजपासून सांगतेय मी सगळ्यांना."