टेबलावरची टकटक

आमचे जर्मन प्रोफेसर उभी हयात फ्रँकफर्टच्या बँकेत घालवून मँचेस्टरला शिकवायला आले होते. बँका का बुडतात, हे प्रेझेंटेशन मी अशा माणसासमोर करत होते आणि मला भलताच जोर चढला होता. शेवटची स्लाइड संपताच त्यांनी मुठीने टेबलावर टकटक केली. शाळेत आमच्या बाई गप्प करायला डस्टर आपटायच्या, अगदी तशी. मी तणतणत जागेवर येऊन बसले, तर शेजारची जर्मन मैत्रीण म्हणाली, "वेडी आहेस का? आमच्याकडे टाळ्यांऐवजी हेच करतात." मग दिवसभर मी हवेत.

सरांच्या शेवटच्या लेक्चरला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघींनी बोटं लाल होईपर्यंत टेबल बडवलं. निघालेले सर दारात थांबले, वळले आणि आमच्याकडे बघत त्यांनी दारावर टकटक केली.