मामांचं टूसॉन

पोहोचायच्या आधीच परत निघणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा चँडलरला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. दोन हजार चार साली आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा सबंध ॲरिझोनात आमचं नात्यातलं घर तेवढंच, त्यामुळे शनिवारी सकाळी लोळत पडण्याचा माझा हक्क पहिल्याच महिन्यात गेला. उजाडायच्या आत फोन वाजायचा. "जावईबापू, उठलात ना? टूसॉनला जाऊन येऊ!" आठवडाभर ऑफिसात पिचून निघालेला मी डोळे चोळत गाडीत जाऊन बसायचो.

टूसॉन म्हणजे दीडेक तासाचा सरळ रस्ता आणि दोन्ही अंगांना वाळवंट. पण मामींचे डबे पाहिले की ते वाळवंट आम्ही पायी तुडवणार आहोत असं वाटे. थालीपिठं, दहीभात, शेंगदाण्याची चटणी, थर्मासभर चहा. आणि हे सगळं बागेत नाही, झाडाखाली नाही, तर पेट्रोल पंपाच्या छपराच्या सावलीत, गाडीत बसून खायचं. कारण, "पार्किंग शोधण्यात टाइम वेस्ट होतो." जुन्या चर्चसमोर गाडी चालूच ठेवून मामा म्हणत, "या बघून, मी इथेच आहे." निवडुंगाच्या बागेत त्यांनी आम्हाला असं दामटलं की ते दुमजली निवडुंगच उलट्या दिशेने पळताहेत असं मला वाटलं. बारा वाजले की त्यांची चुळबुळ सुरू. "निघू या का? नंतर ट्रॅफिक लागतं." शनिवारी दुपारी त्या रस्त्यावर ट्रॅफिक म्हणजे आम्ही आणि एखाददुसरा ट्रक. घरी आल्यावर मी सोफ्यावर आडवा व्हायचो. बायको म्हणायची, "छान झाली ना रे ट्रिप?" तिच्याशी वाद घालायचंही त्राण माझ्यात उरलेलं नसे.

गाडी मात्र मामाच चालवणार. स्टिअरिंग हाती आलं की त्यांच्या खांद्यांचा पोक जाई, ते शीळही वाजवत. "मी चालवू का थोडा वेळ?" असं एकदा विचारलं तर ते दुखावल्यासारखे झाले. "जावयाला ड्रायव्हर करू? लोक काय म्हणतील?" त्या ओसाड रस्त्यावर हे लोक कुठे दडून बसले होते, देव जाणे.

मामींचं मागणं एकच होतं. टूसॉनच्या पश्चिमेला डोंगरात एक खिंड आहे, तिथून एकदा सूर्य मावळताना पाहायचा. "मंडळातल्या सगळ्या जणी जाऊन आल्या. मी आपली दर वेळी दुपारच बघून येते," त्या म्हणायच्या. मामांचं उत्तर ठरलेलं. "सूर्य काय, चँडलरलाही मावळतो की!"

मग दीडेक वर्षाने मामा रिटायर झाले आणि दोघांनी कायमचं नाशिकला जायचं ठरवलं. घर आवरून झालं, गाडीला गिऱ्हाईकही मिळालं. शेवटच्या शनिवारी आम्ही पुन्हा टूसॉनला. या वेळी खिंडीत पोहोचल्यावर मामी एका खडकावर बसल्या त्या बसल्याच. मामांनी ट्रॅफिकचं सांगून पाहिलं, बॅगा भरायच्या राहिल्यात म्हणून पाहिलं.

"अगं, अंधार पडेल!"

"पडू दे. आता पुन्हा कुठलं येणं होतंय आपलं?"

मामा बराच वेळ गाडीपाशी उभे राहिले. मग जवळ येऊन, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाले, "मला अंधारात दिसत नाही गं. दोन वर्षं झाली. समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं नुसतं."

मामींनी वळून पाहिलं. "मग सांगायचं नाही का हो?"

"सांगितलं असतं तर दिवसा तरी चालवू दिली असतीस?"

मामींनी थोडं सरकून खडकावर जागा केली. मामा बसले. सूर्य मावळेपर्यंत त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. या माणसाच्या घाईला मी किती हसलो होतो, आणि तो बिचारा दर शनिवारी अंधाराच्या पुढे राहायला धडपडत होता.

परत निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. आपण कुठे बसायचं हे न सुचून ते दारापाशी क्षणभर घुटमळले. हायवेला लागेपर्यंत पुरता काळोख झाला होता. मामी आणि बायको मागे पेंगत होत्या. मामा ताठ बसून काचेतून समोर बघत होते.

"जावईबापू, डावीकडे ट्रक आहे. जपून."

डावीकडे काहीच नव्हतं. मी वेग जरा कमी केला आणि म्हणालो, "हो मामा. बरं झालं सांगितलंत."