मोर्सच्या कीवरचा दादाचा हात

अर्धांगवायूच्या झटक्याने दादाचा उजवा हात गेला, त्याचा खरा धक्का मला तो दवाखान्यातून घरी आल्यावर बसला. अचलपूरला आणलं त्याच संध्याकाळी तो भिंत धरत धरत रेडिओपाशी गेला, खुर्चीत टेकला आणि मोर्सच्या कीवर, म्हणजे संदेश पाठवायच्या खटक्यावर, हात ठेवायला गेला. हात मांडीवरून उठलाच नाही.

दादाचं विहिरीवरच्या मोटारी वाइंडिंगचं दुकान. त्या वर्षांत विहिरी आटलेल्या, मोटारी चालतच नव्हत्या तर जळतील कशाला? दिवसभर माश्या मारत बसायचा. त्याचा सगळा जीव हौशी रेडिओत. दिवेलागणीला अकोल्याच्या जुन्या शहरातल्या दोस्ताशी मोर्समधून, म्हणजे टिंब-रेघांच्या टिकटिकीतून, गप्पा ठरलेल्या. अक्षरं इंग्रजी, बोलणं अस्सल वऱ्हाडी. एकमेकांच्या गुडघ्यांची अन् धंद्याची टिंगल चालायची. दोघं कित्येक वर्षांत भेटले नव्हते, आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं.

झटक्याने दादाची जीभही जड झाली होती, तरी ताकीद मात्र स्पष्ट दिली. "अकोल्याले कोनी काई सांगाचं नाई. मले कोनाची कीव नको." त्याला परत रेडिओवर जायचं होतं, पण आधीसारखंच, मधे काही झालंच नाही असं. आणि तिकडून अकोला रोज हाक मारायचा. दादाचा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं त्याचं नाव, पाठवायचा, थांबायचा, परत पाठवायचा. दादा मुकाट ऐकत बसायचा. मला ते बघवत नव्हतं.

मी अमरावतीला कॉम्प्युटरचे क्लास घेते. म्हटलं, थांब, मी करते काहीतरी. तळहाताएवढा संगणक आणला अन् रेडिओला जोडला. दादाने डाव्या हाताच्या बोटाने टाइप करायचं, संगणक त्याचं मोर्स करून रेडिओवर सोडणार. सांगायला सोपं. भारनियमनात लाइन जायची, संगणकाचं मेमरी कार्ड बिघडायचं, की मी परत एश्टीने अचलपूरला, अन् परत श्रीगणेशा. रेडिओ पाठवायला लागला की त्याच्या लहरी केबलीत शिरायच्या अन् पडद्यावर अक्षरं भूत लागल्यासारखी धावायची. केबलीवर लहरी अडवणारी फेराइटची कडी चढवली तेव्हा कुठे ती थांबली. वहिनी म्हणाली, "बाई, तू आता एश्टीतच बिऱ्हाड कर."

शेवटी एकदाचं जमलं. अकोल्याची हाक आली आणि दादाने टाइप केलं, आलो रे, मेलो नाई अजून. मोर्स असं सुरेख निघालं, एकेक टिंब मापून कापलेलं. मी वहिनीकडे ऐटीत पाहिलं.

मग अकोला बोलला. मोर्स मला दादानेच लहानपणी शिकवलेलं, त्यामुळे कळत गेलं. "कोन आहे तू? हा साइन माह्या दोस्ताचा आहे. त्याचा हात मी ओळखतो. हा त्याचा हात नाई. तो गेला असंन तर सरळ सांग. त्याच्या नावानं खेळू नको."

मोर्समध्ये माणसाचा हात त्याच्या चालीसारखा ओळखू येतो, दादा शेवटची रेघ जरा लांबवायचा, हे मला माहीत होतं. पण डोक्यातच आलं नाही. आणि तो काळ कसा होता? गावोगाव माणसं कर्जापायी जीव देत होती. वऱ्हाडात कोणी अचानक गप्प झालं की सगळ्यांचं मन एकाच ठिकाणी धावायचं. तो माणूस रोज हाक मारताना काय समजून बसला होता, हे मला त्या घटकेला कळलं.

भीती वाटली की मला राग येतो. "दादा, मीच आहे म्हणून लिही त्या म्हाताऱ्याले!" दादाने लिहिलं. तेही तसंच मापून कापलेलं गेलं. उत्तर एकाच शब्दात आलं, "चोर."

दादाने संगणकाची केबल उपटून काढली. मी ओरडले, त्याने ऐकलं नाही. मोर्सची की ओढून डावीकडे घेतली, मला ती रेडिओला जोडायला लावली आणि डाव्या हाताने स्वतःचा कॉलसाइन पाठवायला लागला. अडखळला, चुकला, परत पहिल्यापासून. इतके दिवस जे लपवून ठेवलं होतं, ते तो स्वतःच उघडं करत होता. शेवटची रेघ मात्र त्याने लांबवली.

एरवी अकोल्याचा वेग असा की माझी काही अक्षरं सुटायची. आता एक अक्षर आलं. मग कितीतरी वेळ काही नाही. मग दुसरं. क्षणभर मला वाटलं, याचाही हात गेला की काय. मग ध्यानात आलं. समोरचा ज्या चालीने पाठवतो त्याच चालीने उत्तर द्यायचं, हा या लोकांचा रिवाज आहे.

"कोनता हात गेला?"

"उजवा."

"काहून नाई सांगितलं?"

दादा ढसाढसा रडत होता.

"उद्या डाव्यानंच ये. मी थांबतो."

दादा 'हो' पाठवायला गेला अन् चुकला. परत घेतलं, परत चुकला. पलीकडे अकोला थांबून होता.