इरशादची पिवळी रेघ

दुपारी जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं, हा धैर्यशील मगदूमचा रेसच्या दिवसाचा नेम आहे. बाकीचे रायडर या वेळी कानात गाणी लावून येरझाऱ्या घालतात, कुणी पोटात कळ आल्यासारखं तोंड करून बसतो. हा गडी मात्र दहीभात खाऊन पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दोन रेसच्या मोटरसायकलींच्या मधे सतरंजी टाकतो आणि हेल्मेटच्या पिशवीवर डोकं टेकतो. वय सदतीस, त्यातली सोळा वर्षं ट्रॅकवर गेलेली. झोप म्हणजे त्याच्या हाताखालची मोलकरीणच. आज मात्र ती दारात येऊन उभी आहे आणि आत पाऊल टाकत नाही.

साडेतीनला हंगामातली शेवटची रेस आहे. अजिंक्यपदाच्या शर्यतीत दोघंच उरलेत, धैर्यशील आणि सम्मेद हेरवाडे, आणि दोघांचे गुण सारखे. जो दुसऱ्याच्या आधी रेस संपवेल तो चॅम्पियन. गंमत अशी की दोघं एकाच संघाचे, कोल्हापूरच्या बापूसाहेब शिंत्र्यांचे. सम्मेद शिरोळचा, तेवीस वर्षांचा, आणि आज सकाळच्या सरावात त्याने सगळ्यांत वेगवान फेरी मारली आहे.

सकाळी बापूसाहेबांनी दोघांना समोर बसवलं होतं. "सम्मेद, धैर्यशीलची ही शेवटची रेस. जाताना चॅम्पियन म्हणून जाऊ दे त्याला. तू पुढं असलास तर शेवटच्या फेरीला पाटी दाखवतो. तुझं काय, अख्खं आयुष्य पडलंय."

पाटी म्हणजे पिटच्या भिंतीवरून रायडरला दाखवायचा काळा फळा. शिंत्र्यांच्या पाटीवर खडूने मराठीत लिहितात. या दक्षिणेतल्या ट्रॅकवर त्यामुळे दुसऱ्या संघांना पत्ता लागत नाही. 'धर' म्हणजे जागा सोडू नको. 'सोड' म्हणजे मागच्याला पुढे जाऊ दे.

सम्मेद मान खाली घालून "हो, बापूसाहेब" म्हणाला आणि जेवला नाही. धैर्यशीलने दहीभात खाल्ला, पण खाताना त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या त्या पाटीवरून हलली नाही.

कारण हीच पाटी आठ वर्षांपूर्वी याच भिंतीवरून निघाली होती. तेव्हा तिच्यावर नाव होतं धैर्यशीलचा त्या वेळचा संघातला जोडीदार इरशाद बागवान याचं, आणि पुढे 'सोड'. शेवटची फेरी, इरशाद पुढे, धैर्यशील मागे, शेवटच्या वळणावर इरशादची गाडी बाहेर गेली, आतून धैर्यशील घुसला आणि अर्ध्या चाकाने जिंकला. बापूसाहेबांनी आधी मिठी मारली ती इरशादला. "असा भाऊ मिळायला पुण्याई लागते," म्हणाले. पेपरात तोच फोटो आला. धैर्यशीलचा चषक घरी शोकेसमध्ये आहे, पण तो त्याने आजवर स्वतःच्या हाताने पुसलेला नाही. दान मिळालेलं भांडं कोण पुसतं?

सोडलंस का रे, एवढंच विचारायचं होतं. ते दोन वर्षं विचारलं नाही. मग इरशादला कावीळ झाली. अकरा दिवस तो दवाखान्यात होता. धैर्यशील शहाळी घेऊन फाटकापर्यंत गेला आणि परत आला. बाराव्या दिवशी विचारायला कुणी उरलं नाही.

वर पत्रा तापून कडकडतो आहे. टायर गरम ठेवणाऱ्या पट्ट्यांची एकसुरी घरघर चालू आहे. लांब कुठेतरी मैदानावरचा लाऊडस्पीकर तमिळमध्ये काही सांगतो, त्याचे शब्द हळूहळू पातळ होतात.

कट्ट.

पाना बसल्याचा आवाज. उशाशीच.

धैर्यशील डोळे उघडतो. त्याच्या गाडीच्या मागच्या चाकाशी कुणीतरी उकिडवं बसलं आहे. अंगात निळा कातडी सूट, उजव्या गुडघ्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. ते ठिगळ बिंदू चौकातल्या चांभाराकडून लावून घेताना धैर्यशील स्वतः शेजारी उभा होता.

"इरशाद?"

"हालू नको. नट आवळतोय."

धैर्यशील हलत नाही. हलला तर हा जाईल, एवढं त्याला झोपेतही कळतं.

"तू वारलास ना रे?"

"व्हय. सहा वर्सं झाली. म्हणून काय तुझं चाक सैल सोडू?"

शिंत्र्यांच्या संघात तेव्हा एक रीत होती. रेसच्या आधी मागच्या चाकाचा नट आपल्या हाताने आवळायचा नाही, तो जोडीदाराने आवळायचा आणि नटावरून खालच्या पोलादावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. नट कणभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ही रीत संघाचे जुने मेकॅनिक गुंडू मिस्त्री यांनी पाडली. ते म्हणायचे, ज्याला हरवायचंय त्याच्याच हातात आपलं चाक द्यायचं, मग रेस खरी. त्या पाटीच्या दिवसानंतर धैर्यशील आपला नट मिस्त्रींकडूनच आवळून घेऊ लागला आणि रीत बुडाली.

इरशाद डावरा. तो रेघ खालून वर ओढतो आणि शेवटी तिला गळासारखा बारीकसा आकडा काढतो. आताही तसाच काढतो. मग ब्रश पुसून म्हणतो, "ऊठ. ती फेरी परत मारू."

"कुठली?"

"जी तू आठ वर्सं उशाला घेऊन झोपतोस ती."

दोघं सरळ रस्त्यावर आहेत. गाड्या पूर्ण वेगात, आणि इंजिनाचा आवाज नाही. फक्त दोन साखळ्यांची सळसळ, रेशमी कापड फाडल्यासारखी. पुढे इरशादची पाठ. ती पाठ धैर्यशीलने सहा हंगाम पाहिली, शिव्या देत पाहिली. आज पहिल्यांदाच तो ती नुसती बघतो आहे. वेग अंगात मुरलेला माणूस किती शांत बसतो! हवेला त्याच्याशी काही भांडण नाही.

डांबरावर पेंढा पसरलेला आहे. कारण ही फळबाजाराची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना आंब्याच्या पेट्या, मधून दोन रेसच्या गाड्या, आणि कुणाला नवल वाटत नाही. पेरूच्या ढिगाआडून इरशादचे अब्बा हात वर करतात. "सावकाश रे पोरांनो," ते म्हणतात. ताशी दोनशेच्या वेगाला त्यांचं बोलणं नीट ऐकू येतं.

वळण येतं आणि फरशी लागते. पांढरी, फिनाईलने पुसलेली. दवाखान्याचा वऱ्हांडा. खिडकीपाशी खाट, खाटेवर हळदीसारखा पिवळा इरशाद, आणि पुढे गाडीवरही इरशाद. खाटेशेजारी एक स्टूल आहे. रिकामं. धैर्यशील ब्रेक दाबतो. ब्रेक लागत नाही. तो पुन्हा दाबतो, दोन बोटांनी, चार बोटांनी.

इरशाद मान न वळवता म्हणतो, "थांबू नको. थांबायचं तवा हुतं. आता फेरी चालू हाय."

"मी फाटकापर्यंत आलो होतो."

"ठावं हाय मला. शहाळी कुणाला दिलीस?"

"वॉचमनला."

"बरं केलंस. गोड हुती का?"

धैर्यशीलला रडू येतं आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते. काच निवळते तेव्हा तो स्वतःच्या गाडीवर नाही. तो इरशादच्या मागे बसला आहे. रेसच्या गाडीला मागे सीट नसते, हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगेल, पण तो बसला आहे, आणि इरशादच्या खांद्यावरून त्याला सगळं दिसतं. पिटची भिंत. काळ्याभोर केसांचे, आठ वर्षांनी तरुण बापूसाहेब. त्यांच्या हातातली पाटी. इरशाद, सोड.

इरशाद पाटी वाचतो. हेल्मेटच्या आत तो हसतो, ते हसू त्याच्या खांद्यांतून धैर्यशीलच्या तळहातांना कळतं.

धैर्यशील फक्त इरशादच्या उजव्या मनगटाकडे बघतो. आठ वर्षं त्याला या एका मनगटाने छळलं आहे. ते फिरलं, इरशादने ॲक्सिलरेटरची मूठ ढिली केली, असं तो रोज झोपताना बघत आला.

मनगट फिरत नाही. मूठ पूर्ण पिळलेली आहे आणि तशीच राहते.

शेवटचं वळण अंगावर येतं. ब्रेक मारायची जागा येते आणि जाते. माणसाने इथे ब्रेक मारावा, शहाण्या माणसाने तर कधीच मारलेला असावा. इरशाद आणखी एक श्वास थांबतो. मग गाडी झुकते, इतकी की ठिगळाचा गुडघा जमिनीला टेकतो, कोपर टेकतं, आणि सगळं जग तिरपं होऊन त्या दोघांभोवती फिरू लागतं. धैर्यशीलचं भान हरपतं. सोळा वर्षं तो या विद्येच्या मागे आहे आणि ती इतकी देखणी असते हे त्याला माहीतच नव्हतं. आतून कुणाला दिसतं? आत असताना माणूस फक्त भीत असतो.

आणि मग पुढचं चाक धुळीच्या एका पट्ट्यावरून जातं. तळहाताएवढा पट्टा. चाक वीतभर घसरतं. इथे गाडी हातची जायला हवी, शंभरात नव्याण्णव जण इथे आडवे झाले असते. इरशाद गुडघ्याने जमीन ढकलतो आणि गाडी उभी धरतो. फक्त वीतभर बाहेर जातो. त्या वीतभर फटीतून, आतल्या अंगाने, कुणीतरी आगीसारखं घुसतं. लाल सूट. एकोणतीस वर्षांचा, भेदरलेला, दात आवळलेला.

"तो मी?" धैर्यशील विचारतो.

"तर कोण? बघ की कसा आलायस. त्या फटीत मी मांजर घातलं नसतं."

दोघं बघत राहतात. लाल सूट अर्ध्या चाकाने रेषा पार करतो.

मग ते त्या वळणाच्या कडेच्या गवतावर बसले आहेत. मधे पेरू, मीठ लावून.

"तू सोडलं नाहीस," धैर्यशील म्हणतो.

"सोडीन व्हय? चॅम्पियनशिप हाय का भेळीचा पुडा?"

"मग बोलला का नाहीस, इरशाद?"

इरशाद पेरूची फोड हातात फिरवतो. पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरतो. "बापूसाहेबांनी मिठी मारली. फोटो निघाला. अब्बा घरी रडलं, म्हणालं माझं पोरगं मोठ्या मनाचं. आता त्यास्नी काय सांगू, तुमचं पोरगं मोठ्या मनाचं न्हाई, घसरलं? हरल्याची लाज झाकायला फुकटचा मोठेपणा मिळाला, मी घेतला. म्हटलं, धैर्या इचारंल तवा सांगीन."

"मी विचारलं नाही."

"मी सांगितलं न्हाई. दोघं सारखंच येडं."

गवतावरून वारा जातो. धैर्यशीलला वाटतं, आपण इतकी वर्षं चोरीचा म्हणून लपवलेला माल आपलाच होता, आणि तो आनंद वाटून घ्यायला जो हवा होता त्याला आपणच दूर ठेवलं.

"त्या शिरोळच्या पोराचं बघ," इरशाद म्हणतो. "आज ते खरंच हरलं तरी लोक म्हणतील सोडलं. जिंकण्यासारखं असून सोडलं, तर जलमभर तुझ्याकडं बघून दात खाईल. आणि तुझी झोप तर गेलीच."

"आणि पाटी नसताना मी हरलो तर? शेवटची रेस आहे रे माझी."

"तर हरशील. मी हरलो न्हवं? त्यानं मेलो का? मेलो ते काविळीनं."

तो स्वतःच्या विनोदावर पोटभर हसतो, पूर्वीसारखाच, मांडीवर थाप मारत. थाप पत्र्यासारखी वाजते.

"धैर्यशील, ऊठ बाबा. तीन वाजलं." गुंडू मिस्त्री पिटच्या पत्र्यावर हात आपटताहेत.

धैर्यशील उठून बसतो. पट्ट्यांची घरघर तीच, लाऊडस्पीकर तोच. तो गुडघ्यांवर रांगत गाडीच्या मागच्या चाकाशी जातो.

नटावर पिवळी रेघ आहे. खालून वर ओढलेली, शेवटी बारीकसा आकडा. तो बोट लावतो. बोट पिवळं होतं.

"मिस्त्री, नट कुणी आवळला?"

"मी. सकाळीच. का?"

"आणि रंग?"

"कुठला रंग? ती बाटली कवाच वाळून खडक झालीया." मिस्त्री चष्मा सारखा करून वाकतात. त्या आकड्याकडे बघतात. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतात आणि तशीच धरून उभे राहतात.

धैर्यशीलने पिवळं बोट वर धरलं आहे, कुठे पुसलं जाऊ नये म्हणून. दुसऱ्या हाताने तो पाना उचलतो आणि शेजारच्या गाडीपाशी जातो. सम्मेद तिथे स्टुलावर बसून हातमोज्यांची बोटं मोजल्यासारखी ओढतो आहे.

"सरक," धैर्यशील म्हणतो आणि त्याच्या गाडीच्या मागच्या नटाला पाना लावतो.

"दादा, मिस्त्रींनी आवळलाय की."

"आज मी आवळणार." कट्ट. "ऐक. आज भिंतीकडं बघायचं न्हाई. पाटीवर काय का लिहिलं असंना. बापूसाहेबांना मी आता जाऊन सांगतो, शेवटचं ऐकतील माझं. मी मागं राहिलो तर मला मागं राहू दे. पण तू मूठ ढिली केलीस, तर पुन्हा तुझं तोंड बघणार न्हाई."

सम्मेद उभा राहतो. सकाळपासून खाली असलेली त्याची मान वर येते. "मी सोडणार न्हाई, दादा. वाईट वाटून घेऊ नका, पण मी तुम्हाला हरवीन."

"हरव की. तेच तर सांगतोय."

धैर्यशील बोट नटावर टेकवतो आणि उरलेल्या ओल्या रंगाची रेघ खालच्या पोलादापर्यंत ओढतो. रंग जेमतेम पुरतो.

सम्मेद त्या रेघेकडे बघतो, मग पाना हातात घ्यायला पुढे होतो. "तुमचा नट मी आवळू?"

"नको," धैर्यशील म्हणतो. "माझा आवळलाय."