नावाच्या आड आलेलं डोकं

आमच्या हिच्याबरोबर केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे हिची गाण्याची पेटी उचलून वरच्या भाडेकरूच्या खोलीत नेणं. तो नोएडात गाण्याच्या मासिकाची पानं लावतो. त्याला हिचा गातानाचा फोटो हवा होता. पुढे महिन्याभरात ही गेली.

हा भाडेकरू पोरगा कशालाही ‘बिल्कुल, काका’ म्हणतो आणि आपल्या मनाचंच करतो. परवा संध्याकाळी छापलेला अंक घेऊन आला. कव्हरवर ही, पण डोकं थेट मासिकाच्या नावावर चढलेलं! मी चौथी शिकलेलो, पण एवढं कळतं. ओरडलो, “अरे, नाव झाकलंस! लोक म्हणतील, म्हातारी मध्ये आली.”

“बिल्कुल, काका. उद्या चला माझ्याबरोबर.”

सकाळी त्याने मला मुनिरक्यातल्या पेपरच्या स्टॉलवर नेलं. मासिकं एकमेकांवर चढवून लावलेली, प्रत्येकाची फक्त वरची पट्टी दिसत होती. बाकी सगळ्यांची नुसती नावं. आमच्या अंकातून मात्र ही बघत होती.

स्टॉलवाल्याने विचारलं, “ये मैडम कौन हैं?”

पोराने खांद्याला धरून मला पुढे केलं.