चौकशीची परतीची वाट

नगरच्या सैनिक कल्याण कचेरीत माझ्या शेजारी बसणारे एक कारकून, पाठवलेली चौकशी कुठवर पोचली असेल, हे डोळे मिटून सांगत. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेल्या मुलासाठी संगमनेरकडची एक म्हातारी त्यांच्याकडे येई.

“कुठवर गेली हो, सायेब?”

“आई, परराष्ट्र खात्यात गेली. पाकिस्तानातली आपली वकिलात बंद, म्हणून स्विस वकिलातीनं ती पुढं नेली. आता कैद्यांच्या छावण्यांतून विचारत फिरत असेल. तिकडं थंडी फार.”

“मंग सावकाश जाऊ द्या.”

कागदावर नसलेलं असं सांगणं मला पटत नसे.

एके दिवशी उत्तर आलं. तो कुठल्याच छावणीत नव्हता. त्या दिवशी त्यांनी डोळे उघडे ठेवून तिला ते सरळ सांगितलं.

“डोळं मिटा की, सायेब,” ती म्हणाली. “माघारी कशी आली, त्ये सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. छावणी, वकिलात, दिल्ली, मनमाड असं करत चौकशी हळूहळू नगरला आणली. गोष्टीला द्यावा तसा ती हुंकार देत होती. मीही लिहायचा थांबलो होतो.

“आता मी नेते तिला घरला,” ती म्हणाली आणि पदर सावरून उठली.